जमिनीच्या दाव्यात बियाणंही लिहा



9 फेब्रुवारी 2010 ला दिल्लीत एक निर्णय झाला. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. त्याआधी 14 ऑक्टोबर 2009 ला सरकारच्याच तज्ज्ञ समितीनं या वांग्याला मंजुरी दिली होती. मग जानेवारी-फेब्रुवारीत मंत्र्यांनी कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंदिगड, हैदराबाद आणि बंगळूर अशा सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. शेतकरी बोलले, शास्त्रज्ञ बोलले, कंपनीवाले बोलले. केरळ, ओरिसा, बिहार, छत्तीसगड, आंध्र अशा कितीतरी राज्यांनी नको म्हणून कळवलं. शेवटी मंत्री म्हणाले, तूर्त थांबा.

खालच्या गावांत काहींनी हा विजय म्हणून साजरा केला. आम्हालाही बरं वाटलं. पण स्थगिती म्हणजे रद्द नव्हे, हे आपल्याइतकं कुणाला कळतं? अतिक्रमण काढायच्या नोटिशीला स्थगिती मिळाली म्हणून जमीन नावावर होत नाही. आज स्थगिती, उद्या साहेब बदलला की परत नोटीस. वांग्याचंही तसंच आहे. म्हणून दावे-अर्जांच्या धामधुमीत या अंकाची पानं आम्ही बियाण्याला दिली आहेत.

मीटिंगमध्ये काहींनी विचारलं, "आपण डोंगरातली माणसं. नाचणी-वरी खाणारी. वांगं पिकतं खाली कृष्णाकाठाला. आपला त्यात काय संबंध?" प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर नीट द्यायला पाहिजे.

हे बीटी म्हणजे काय

मातीत एक बारीक जिवाणू असतो, डोळ्याला न दिसणारा. त्याचं नाव बॅसिलस थुरिंजेन्सिस, म्हणून बीटी. त्याच्या अंगात असं एक द्रव्य तयार होतं की ते पोटात गेलं की काही जातीच्या अळ्या मरतात. शास्त्रज्ञांनी त्या जिवाणूतला हा गुण, म्हणजे त्याचं जनुक, काढून आधी कापसात घातलं आणि मग वांग्यात. त्यामुळं झाडच अळीला मारणारं झालं. वांग्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी लागते. ज्यांनी माळवं केलंय त्यांना माहीत आहे, औषध मारून मारून माणूस दमतो आणि वांगं किडकं ते किडकंच. तेव्हा शेतकऱ्याची अडचण खरी आहे, ती खोटी म्हणायची नाही.

काही लोक सांगत फिरतात की हे वांगं खाल्लं की माणूस मरतो. तसं कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि जे सिद्ध नाही ते आपण बोलायचं नाही. पण निर्धास्त खावं एवढी स्वतंत्र तपासणी झालेली नाही, बऱ्याच चाचण्या कंपनीनंच केल्या, हा आक्षेप खुद्द मंत्र्यांनी आपल्या निर्णयात लिहिला आहे. तेवढं बोलायला पुरे आहे.

जपून बोलायचं आणखी एक कारण होतं. 2010 साली सरकार जैवतंत्रज्ञानाच्या नियमनासाठी नवा कायदा आणत होतं. त्याचा मसुदा वर्तमानपत्रांत फुटला. पुरावा किंवा शास्त्रीय नोंद नसताना अशा वाणांच्या सुरक्षिततेबद्दल लोकांची दिशाभूल करील त्याला सहा महिने ते एक वर्ष तुरुंग आणि दोन लाखांपर्यंत दंड, असं त्यात लिहिलं होतं. दिशाभूल कशाला म्हणायचं हे कोण ठरवणार होतं? ज्या पोरांनी हा अंक स्टेन्सिलवर कापला त्यांनासुद्धा यात अडकवता आलं असतं. बियाणं विकणाऱ्यानं चूक केली तर काय, यापेक्षा बियाण्याबद्दल बोलणाऱ्याला शिक्षा काय, याची घाई जास्त दिसत होती.

कापसाचं काय झालं

26 मार्च 2002 ला देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बियाणं आपल्याच जालन्याच्या महिको कंपनीचं आणि आतलं जनुक अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीचं. पुढच्या सात-आठ वर्षांत देशातल्या कापसाच्या दर शंभर एकरांतले ऐंशीच्या वर एकर बीटीचे झाले. शेतकऱ्यांनी ते घेतलं कारण बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या, आणि पाणी असलेल्या रानात उतारा वाढला. हे मान्य केलं पाहिजे. शेतकरी खुळा नसतो.

पण पुढचंही बघा. सुरुवातीला 450 ग्रॅमची पिशवी सोळाशे रुपयांच्या वर होती. त्यातला मोठा हिस्सा बियाण्याचा नव्हताच, आतल्या जनुकाच्या मालकीचा होता. 2006 ला आंध्र सरकार भांडलं तेव्हा भाव साडेसातशेवर आला. म्हणजे निम्म्याहून जास्त उतरवता येत होता, पण भांडल्याशिवाय उतरला नाही. बोंडअळी कमी झाली तर पिठ्या ढेकूण आणि तुडतुडे वाढले, त्यांच्यासाठी वेगळी फवारणी. आणि मार्च 2010 च्या सुरुवातीला मोन्सँटोनेच जाहीर केलं की गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी त्यांच्या पहिल्या बीटीला दाद देईना झाली आहे. उपाय काय, तर दोन जनुकांचं नवं बियाणं घ्या.

आणि जुना कापूस? विदर्भातल्या साथींना विचारा, दुकानात बिगर-बीटी पिशवी मागून बघा म्हणावं. घरचं बी ठेवायची रीत मोडली. आता मागं फिरायचं म्हटलं तरी वाट उरली नाही.

आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळी सावकार दीडीनं बी द्यायचा. पायली दिली की सुगीला दीड पायली न्यायचा. लूट होती ती. पण उरलेल्यातलं बी गाडग्यात ठेवायला त्यानं मनाई केली नव्हती. नव्या व्यवहारात बीटी कापसाचं बी संकरित आहे, ते घरी ठेवून पेरलं तर पीक एकसारखं येत नाही, म्हणून दरसाल दुकानाचं दार धरायचं.

जगात काय चाललंय

पेपरात वाचायला मिळतं की सगळ्या जगानं ही पिकं घेतली, आपणच मागं राहिलो. या तंत्राचा प्रचार करणाऱ्या संस्थेचाच 2009 चा आकडा घ्या. 25 देशांत मिळून 13 कोटी 40 लाख हेक्टर. आकडा मोठा आहे. पण त्यातलं शंभरातलं नव्वदच्या वर क्षेत्र पाच देशांत आहे: अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिना, भारत आणि कॅनडा. पिकंही मुख्य चारच: सोयाबीन, मका, कापूस आणि कॅनोला हे तेलबी. बरंचसं जनावरांच्या खाद्याला, तेलाला, कापडाला जातं. तिकडं एकेकाची शेती शेकडो एकरांची. फ्रान्स आणि जर्मनीनं तर असला मका पेरायला 2008-2009 मध्ये बंदी केली. तेव्हा सगळं जग म्हणजे नेमकं कोण, हे विचारायला पाहिजे.

आपल्याला जवळची गोष्ट मेक्सिकोची आहे. मका मूळचा तिथला. तिथल्या आदिवासींनी हजारो वर्षांत त्याच्या शेकडो जाती केल्या, पांढरा, पिवळा, निळा, लाल. जनुक बदललेला मका पेरायला तिथं 1998 पासून बंदी होती. तरी 2001 साली ओआहाका या डोंगरी राज्यातल्या गावच्या मक्यात बाहेरचं जनुक सापडलं. कसं आलं? अमेरिकेतून खायला म्हणून आलेला मका आपल्या रेशनसारख्या सरकारी दुकानांतून विकला जायचा. कुणी तरी त्यातलाच मूठभर रानात टाकला असणार, आणि वाऱ्यानं पराग पुढं नेला. गरीब माणूस दाणा चांगला दिसला की पेरून बघतोच. आपणही तेच करतो. त्या गावांनी कसली पिशवी विकत घेतली नव्हती, कुठल्या कागदावर सही केली नव्हती. तरी ते बी त्यांच्या कणगीत आलं.

मका जसा मेक्सिकोचा तसं वांगं आपलं. दोन हजारांच्या वर जाती या देशात आहेत. डोंगरात काटेरिंगणी आणि डोरली आपण औषधाला आणतो, ती वांग्याचीच भावंडं.

कुडचीचं वांगं

आता मुद्द्याची गोष्ट. महिकोबरोबर दोन सरकारी कृषी विद्यापीठंही या कामात होती, धारवाडचं आणि कोईमतूरचं. धारवाडच्या विद्यापीठानं ज्या वाणांत हे जनुक घातलं त्यांची नावं वाचा. मालापूर लोकल, रबकवी लोकल, उडुपी लोकल, मांजरी गोटा आणि कुडची लोकल.

मांजरी म्हणजे पुण्याजवळची मांजरी. आणि कुडची म्हणजे मिरजेतून बेळगावच्या गाडीत बसलं की कृष्णेच्या पुलाजवळ लागणारं कुडची. आपल्या डोंगरातलं कोयनेचं आणि वारणेचं पाणी कृष्णेला मिळून जिथनं पुढं जातं ते गाव. तिथल्या बायामाणसांनी पिढ्यान्‌पिढ्या चांगलं फळ राखून, पिकवून, वाळवून, राखेत घोळून जे बी जपलं, त्यात एक जनुक घातलं की ते नवीन वाण झालं. विद्यापीठाच्या वाणाचं बी शेतकऱ्याला ठेवता येईल असं सांगतात. असेल. पण आतल्या जनुकाचा मालक कंपनीच. आणि ज्या गावानं ते वांगं घडवलं त्या गावाला विचारलं कुणी?

2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावचं वाण अशा कामाला वापरायचं तर परवानगी लागते आणि गावपातळीवरच्या समितीशी सल्लामसलत करावी लागते. ते केलं नाही, अशी तक्रार फेब्रुवारी 2010 मध्ये बंगळूरच्या एका संस्थेनं कर्नाटकच्या जैवविविधता मंडळाकडं केली होती.  आपण त्यातला धडा आज घेऊ.

आपली जमीन कशी गेली ते आठवा. 1878 चा जंगल कायदा आला, मग 1927 चा आला. साहेबानं विचारलं, कागद दाखवा. आपल्याकडं कागद नव्हता. बांध होता, देवराई होती, थडगी होती, आंब्या-फणसाची झाडं होती. पण लिहिलेलं नव्हतं म्हणून ते सरकारचं झालं आणि आपण आपल्याच रानात अतिक्रमणवाले ठरलो. कुडचीचं वांगं तसंच आहे. बी होतं, पण गावच्या नावानं लिहिलेलं नव्हतं. जे लिहिलेलं नसतं ते बेवारस समजून उचलायची सवय या व्यवस्थेला जुनीच आहे. जंगल उचललं, धरणाला पाणी उचललं, आता बियाण्याची पाळी आहे.

आपल्याला तोटा कुठं कुठं आहे

पहिला तोटा मजुरीचा. जगात या पिकांतला सगळ्यात मोठा वाटा अळी मारणाऱ्या वाणांचा नाही, तणनाशक सहन करणाऱ्या वाणांचा आहे. म्हणजे अख्ख्या रानावर तणनाशक फवारायचं, तण जळतं, पीक उभं राहतं. आपल्याकडंही 2010 च्या सुमारास अशा मक्याच्या आणि कापसाच्या चाचण्या चालू होत्या. मोठ्या बागायतदाराला ते सोयीचं वाटेल. पण आपल्या आया-बहिणी पावसाळ्यात खाली भांगलणीला जातात. त्या मजुरीवर घराचं मीठ-मिरची, पोरांच्या वह्या चालतात. भांगलणच गेली तर ती मजुरी कुठनं येणार? ज्या कातकरी घरांना गुंठाभर जमीन नाही, त्यांना हा घाव सगळ्यात आधी बसेल. "जमीनच नाही तर बियाण्याचं काय घेऊन बसलाय" असं कुणी म्हणालं तर त्यांना हे सांगा.

दुसरा तोटा ताटातला. त्यांच्या पुस्तकात जे तण, ती आपली भाजी. तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू, टाकळा. आषाढात घरात काही नसतं तेव्हा बांधावरची मूठभर पानंच कालवण होतात. तणनाशक भाजी आणि गवत असं निवडत नाही. आणि तण तरी कायमचं जातं का? अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात 2005 पासून एक तण त्या औषधाला बधत नाही असं दिसून आलंय. ते तण कुठलं, तर आपल्या तांदुळजा-राजगिऱ्याच्या कुळातलं. तिथं ते माणसाएवढं वाढतं आणि लोक खुरपी घेऊन परत रानात उतरलेत.

तिसरा तोटा उठवण्याचा. जानेवारी 2010 मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. पुनर्वसनाच्या गप्पा परत सुरू झाल्या. वनहक्क कायद्यानुसार आधी हक्क मान्य केल्याशिवाय आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय कुणाला हलवता येत नाही, ते आपण मागच्या अंकांत लिहिलंच आहे. पण याआधी धरणानं आणि अभयारण्यानं उठवून सपाटीला नेलेल्या आपल्या माणसांकडं जाऊन बघा. उतारावरची वरी, हळवी-गरवी नाचणी, डोंगरातल्या पाण्यावरचं भात. ते बी काळ्या रानात, कमी पावसात कसं येणार? दोन-चार वर्षं पेरलं नाही की बी मरतं. बी गेलं की ते कसं पेरायचं, कधी काढायचं हे ज्ञानही म्हातारीबरोबर जातं. मग दुकानाची पिशवी हाच एक रस्ता राहतो. गाव उठलं की पहिल्यांदा घरं जातात आणि मागनं बियाणं जातं. घरांचा पंचनामा होतो, बियाण्याचा कुणी करत नाही.

मग करायचं काय

आम्ही शास्त्राच्या विरोधात नाही. अळीवर उपाय पाहिजे, पाऊस लांबला तरी टिकेल असं भात पाहिजे. विद्यापीठानं ते जरूर करावं, गावाला विचारून, गावाबरोबर बसून करावं. आमचं म्हणणं एवढंच, की आमचं बी आमच्या नावावर राहील आणि त्याचं काय करायचं ते ग्रामसभा ठरवील. यासाठी नवीन कायदा मागायची गरज नाही. आहेत तेच हातात घ्यायचे.

एक. वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये जमीन, चराई, गौण वनोपज यांच्याबरोबर जैवविविधतेचा आणि तिच्याविषयीच्या पारंपरिक ज्ञानाचा सामूहिक हक्क दिलेला आहे. सामूहिक दाव्याच्या अर्जात त्यासाठी वेगळी ओळ आहे. बऱ्याच गावांनी ती रिकामी सोडली आहे, कारण कचेरीत सांगतात "ते सोडा, ते लागत नाही". सोडू नका. आपली पिकं, वाणं, रानभाज्या, कंद, औषधं यांची यादी जोडा आणि ग्रामसभेचा ठराव लावा. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. त्यांना मिळतो तर आपल्याला का नाही?

दोन. जैवविविधता कायद्याच्या कलम 41 प्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आहे आणि लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. वाड्या-पाड्यांनी मागणी केल्याशिवाय ग्रामपंचायत हलणार नाही. समितीत नुसते पुढारी नकोत. बी ठेवणाऱ्या म्हाताऱ्या, कंद ओळखणारे कातकरी, गुरांमागं फिरणारे धनगर-गवळी बसले पाहिजेत. नोंदवही ग्रामसभेच्या ताब्यात राहील असा ठराव आधी करा. नाहीतर आपणच यादी लिहून दिली आणि उचलणाऱ्याचं काम सोपं केलं, असं व्हायचं.

तीन. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी ठेवायचा, परत पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि विकायचासुद्धा हक्क दिलाय. फक्त दुसऱ्याच्या संरक्षित वाणाचं छापील ब्रँड लावून विकता येत नाही. तेव्हा पसाभर बी शेजारणीला दिलं म्हणून कुणी दम दिला तर हा कायदा दाखवा.

चार. पेरण्या दीड-दोन महिन्यांवर आल्या आहेत. त्याआधी प्रत्येक वाडीनं एक बैठक फक्त बायांची घ्यावी. कुणाच्या घरात कुठलं बी आहे, किती वर्षांचं आहे, कुठलं संपत आलंय, ते पोरांनी वहीत लिहावं. एकाच घरात उरलेलं बी या पावसाळ्यात निदान तीन घरांत गेलं पाहिजे. कागद तर करायचाच, पण बी कागदावर जगत नाही, पेरल्यावरच जगतं.

दिल्लीत वांगं थांबलंय ते लोक बोलले म्हणून. सात शहरांत सुनावणी झाली, त्यातलं एकही आपल्याला एसटीनं जाऊन सांजच्याला परत येण्यासारखं नव्हतं. पुढची सुनावणी आपल्या वाडीत व्हायला पाहिजे, आणि ती घेणारी आपली ग्रामसभा पाहिजे. त्यासाठी या वेळच्या दाव्यात ती ओळ भरा. भरलेल्या अर्जाची पोच घ्या, आणि पोचेची एक प्रत संघटनेच्या फायलीला पाठवा.

जमीन आमची, जंगल आमचं, बियाणंही आमचंच!
जिंदाबाद!